हरिपूरला तुला खोटं सांगितलं

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय दिन्या,

चौदा महिने तुझा एकही फोन उचलला नाही. दर रविवारी सकाळी मोबाइल टेबलावर थरथरायचा आणि मी नुसता बघत बसायचो. शिव्या घाल, पण पत्र पुरतं वाच. आमच्या तब्येती ठीक. माझी शुगर आहे तशीच, सुमनचे गुडघे दुखतात.

निखिलला हार्ट अटॅक आला नव्हता. त्याने आत्महत्या केली.

दहाव्याला हरिपूरला आपण संगमाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. कावळा शिवेना, शेवटी दर्भाचा केला. तू हळूच विचारलंस, "नक्की काय झालं रे?" मी म्हणालो, "हार्ट." सव्वीस वर्षांचं पोर. तू पुढे काही विचारलं नाहीस. माझ्या हातातला तांब्या घेतलास आणि पाणी भरून आणलंस. तो तांब्या डोळ्यांसमोर आला की तुझा फोन उचलवत नव्हता.

आता का लिहितोय ते सांगतो. मंगळवारी शेडवर मोठ्या लेथवरचा आपला पोरगा (नाव लिहीत नाही, त्याच्या लग्नात तू जेवला आहेस) चकची, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याची, चावी चकमध्येच ठेवून मशीन सुरू करायला निघाला. फिरताच ती उडून अंगावर येते. मी ओरडून त्याचा हात धरला. नऊ वर्षांत त्याच्याकडून असं कधी झालं नव्हतं. बाकीचे हसले, बायकोशी भांडला असेल म्हणाले. मला त्याचे डोळे ओळखीचे वाटले.

त्या दिवाळीत निखिलचे असेच होते. चार दिवस झोपून होता, आणि जाताना तबला-डग्गा वरच्या मजल्यावरच्या मुलाला देऊन टाकला. मी म्हणालो, "बरं केलंस, अडगळ कमी झाली." दिन्या, जिवापाड जपलेल्या वस्तू अशा देऊन टाकणं ही धोक्याची खूण असू शकते, हे मला डॉक्टरांनी सांगितलं, तेही नंतर. कारण एकच नसतं, असंही त्या म्हणाल्या; आजार, नोकरी, झोप, एकटेपणा, सगळ्याचा पीळ बसत जातो. पटतं. तरी रोज रात्री मी एकच कारण शोधत बसतो आणि ते मीच निघतो. दहावीत तो रडला तेव्हा "बायकांसारखा रडतोस काय" म्हणणारा मी. आपल्या वेळी सगळ्यांना असंच वाढवलं म्हणावं, तर तुझे वडील तुला सगळ्यांसमोर जवळ घ्यायचे. मला त्याचा इतका हेवा वाटायचा की मी तुला शेंबड्या म्हणायला लागलो. (डायनॅमोच्या भांडणात मात्र चूक तुझीच. ते मी सोडणार नाही.)

तर संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याला थांबवलं, चहा मागवला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, थेट विचारावं. विचारल्याने नसलेलं डोक्यात भरत नाही. पण शब्द फुटेना. शेवटी आधी माझंच सांगितलं, "माझा निखिल हार्टने गेला नाही. त्याने जीव दिला." घराबाहेर पहिल्यांदा बोललो. मग विचारलं, "तुझ्या मनात येतं का तसं काही?" चहावर साय धरली. मग म्हणाला, "येतं, मालक."

१४४१६ ला फोन लावला. टेली मानस, सरकारी, फुकट, रात्रंदिवस चालू. मराठीत बोलले. तो बोलत होता तोवर मी बाहेर कट्ट्यावर बसलो. त्याला भीती एकच, पोलीस केस होईल. मी सांगितलं, २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, प्रत्यक्ष प्रयत्न केलेला माणूससुद्धा तणावाखाली होता असंच धरतात, उपचाराची जबाबदारी सरकारची. तू तर नुसता बोललास. त्याला विचारूनच त्याच्या भावाला बोलावलं, रात्री एकटं सोडलं नाही. बुधवारी आम्ही तिघं सिव्हिलला गेलो. गोळ्या सुरू झाल्यात.

तिथल्या बाकावर जे दोन-चार पुरुष होते, ते बायकोने हात धरून आणलेले. घरी येऊन २०२२ ची सरकारी आकडेवारी बघितली. देशात १,७०,९२४ जण असे गेले, त्यांत १ लाख २२ हजारांवर पुरुष. सगळ्यांत जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. निखिलच्या सालच्या अशाच यादीत त्याचाही एक आकडा असणार, आणि मी मात्र गावभर हार्ट सांगत फिरलो.

आता काळजी अशी की पोरगा कामावर आला की मी त्याच्या हातांकडे बघत राहतो. आज अर्धा तास फोन लागला नाही तर स्कूटर काढली. लेकीला घेऊन गणपतीला गेला होता. मला बघून म्हणाला, "मालक, घरी जा, जेवा." असं पाळतीवर राहून चालायचं नाही हे कळतं, जमत नाही.

सुमनला सांगितलं की मी बाहेर बोललो. बराच वेळ ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मग आता मी ताईला सांगू?" दिन्या, चौदा महिने ती माझ्यासाठी सख्ख्या बहिणीशी खोटं बोलत होती.

तुझं मोतीबिंदूचं झालं का? धाकटीचं ठरलं का? वहिनी गेल्यापासून तू रात्रीचा जेवतच नाहीस असं बंडू म्हणाला. त्या पोराला विचारलं तेच तुलाही विचारणार आहे, हसण्यावारी नेऊ नकोस.

आणि एक सांग. हरिपूरला तुला कळलं होतं ना?

रविवारी फोन कर. उचलतो.

तुझा,
सुऱ्या