कैद्यांचा देश, पण गुन्हा कोणता?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियाचा संघ इकडे आला किंवा आपला संघ तिकडे गेला, की ‘कैद्यांची अवलाद’ हा टोमणा चहाच्या टपरीपासून शिकल्यासवरल्या मंडळींच्या गप्पांपर्यंत हमखास ऐकू येतो. तो असभ्य आहे हे तर झालेच, पण माझा आक्षेप वेगळा आहे. इंग्रजांनी १७८८ मध्ये सिडनीला वसाहत केली, तेव्हा तिथे आलेली माणसे कशी जगली, कशी वर आली आणि कोणाच्या जिवावर वर आली, हे ठाऊक नसल्यामुळे हा टोमणा भलत्याच जागी लागतो.

१७८८ ते १८६८ या काळात सुमारे एक लाख साठ हजार कैदी ऑस्ट्रेलियात धाडले गेले. त्यांतील बहुतेकांचे गुन्हे चोरीमारीचे होते. शिक्षा भोगून किंवा माफी मिळून सुटलेल्या पुरुषाला सुरुवातीच्या नियमाप्रमाणे तीस एकर जमीन मिळे, लग्न झालेले असल्यास आणखी वीस एकर आणि दर मुलामागे दहा एकर. संसार थाटणे हाच तिथे शेती वाढवण्याचा सरकारमान्य मार्ग होता, असे म्हणायला हरकत नाही. जेम्स रूस हा कॉर्नवॉलचा कैदी. पॅरामाटा येथे त्याने पत्नीसह जमीन कसली आणि सरकारी कोठारातून शिधा न घेता आपण जगू शकतो, असे १७९१ मध्ये कळवले. उपासमारीच्या छायेत असलेल्या त्या वसाहतीत ही मोठीच बातमी होती.

मेरी रिबीची हकिगत मात्र जरा विस्ताराने सांगायला हवी. मुलाचा वेष घालून, मुलाचेच नाव लावून फिरणाऱ्या या तेरा वर्षांच्या पोरीला १७९० मध्ये घोडा चोरल्याबद्दल सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती १७९२ मध्ये सिडनीला पोचली आणि दोनच वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरी केलेल्या टॉमस रिबीशी तिने लग्न केले. १८११ मध्ये तो वारला, तेव्हा तिच्या पदरी सात मुले होती. जहाजे, वखारी, जमिनी हा सगळा पसारा तिने एकटीने नुसता सांभाळला नाही, तर वाढवला. १८१७ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्स सुरू झाली, तीही तिच्याच मालकीच्या घरात. पुढे ती मुलींना घेऊन इंग्लंडला जाऊन आली आणि १८२८ च्या जनगणनेत तिने स्वतःपुढे नोंदवले, की आपण ‘१८२१ मध्ये स्वतंत्रपणे आलो’. परतीच्या प्रवासापुरते ते अक्षरशः खरेच होते! तिचा नातू टास्मानियाचा प्रीमियर झाला आणि आज ती स्वतः तिथल्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. फ्रान्सिस ग्रीनवे या वास्तुविशारदाला तर बनावट दस्तऐवज केल्याबद्दल हद्दपार केले होते. त्याने सिडनीत उत्तम इमारती बांधल्या आणि १९६६ मध्ये त्याचे चित्र दहा डॉलरच्या नोटेवर छापले गेले. नोटेवर छापलेला दुसरा बनावटखोर मला तरी ठाऊक नाही.

अशा माणसांना पुढे आणणारा गव्हर्नर लॅखलन मॅक्वारी हा मुंबईत लष्करी नोकरी केलेला आणि १७९३ मध्ये इथेच पहिले लग्न केलेला अधिकारी. सुटलेल्या कैद्यांना तो आपल्या पंगतीला बसवी, मॅजिस्ट्रेटही करी, आणि स्वखुशीने आलेल्या ‘सभ्य’ कुटुंबांना ते मुळीच खपत नसे. या सभ्य घराण्यांत मॅकार्थर अग्रगण्य. त्यांच्याही मेरिनो मेंढ्यांच्या कीर्तीतील मोठा वाटा, नवरा १८०९ ते १८१७ इंग्लंडात अडकून पडलेला असताना कळप आणि शेते चालवणाऱ्या एलिझाबेथचा आहे.

पण हे तीस एकर, शंभर एकर, हजारो एकर आले कुठून? याच मॅक्वारीच्या हुकमावरून निघालेल्या सैनिकांनी एप्रिल १८१६ मध्ये ॲपिनजवळ किमान चौदा मूळ रहिवाशांना ठार केले. टोमणाच मारायचा, तर तो घोडा चोरणाऱ्या पोरीच्या वंशजांना नव्हे, या जमिनीच्या व्यवहाराला मारावा.

सिडनी परिसरातील दरुग या मूळ रहिवाशांपैकी मारिया लॉकचे चरित्र यासाठी वाचण्यासारखे आहे. मॅक्वारीने पॅरामाटात काढलेल्या मूळ रहिवाशांच्या शाळेत ती शिकली आणि १८१९ च्या परीक्षेत गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिली आली. १८२४ मध्ये रॉबर्ट लॉक या कैदी सुताराशी तिचे रीतसर लग्न झाले, आणि सरकारने तो कैदी तिच्याच ताब्यात दिला. कागदोपत्री बायको मालकीण आणि नवरा तिचा नेमून दिलेला कामकरी! भावाला मिळालेली ब्लॅकटाउनची तीस एकर जमीन त्याच्या मागे आपल्याला मिळावी, म्हणून तिने १८३१ मध्ये गव्हर्नरकडे अर्ज केला. जिथे तिचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या नांदले, त्याच मुलखातल्या तीस एकरांसाठी हा अर्ज होता, आणि ती जमीन हाती यायला १८४३ साल उजाडले.

पुढच्या दौऱ्याच्या वेळी आपल्या क्रीडा पुरवणीत खेळपट्ट्यांच्या वर्णनाबरोबर एखादा स्तंभ या कुटुंबांनाही द्यावा, अशी विनंती आहे. त्यात मारियाच्या जमिनीचे पुढे काय झाले तेही यावे. १८७८ मध्ये ती वारल्यावर तिच्या नऊ मुलांत ती सारखी वाटली गेली आणि वंशज तिथे सुमारे १९२० पर्यंत राहिले. तोवर ही त्यांच्या मालकीची जमीन मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेली सरकारी जागा समजली जाऊ लागली होती, आणि ती त्यांच्याकडून काढून घेण्यात आली.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा