आपला आकडा आधी ठरव

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तू विकत घ्यायला बघितलेल्या घराबद्दल सांगत होतास, तेव्हा वहिनी मागून म्हणाल्या, “सांगितलेल्या किमतीत थोडं कमी झालं तरी घेऊन टाकू.” तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. दादा, मालकाने सांगितलेल्या आकड्यावरून हिशेब सुरूच करू नकोस. तो एकदा कानावर पडला की मन त्याच्याच भोवती घुटमळतं. अमेरिकेत टुसॉनला नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी घरांच्या दलालांना एका खऱ्याखुऱ्या घरात नेलं होतं. १९८७ साली तो अभ्यास छापून आला. सगळ्यांना घर तेच दाखवलं, फक्त कागदावरची मागणी, म्हणजे मालकाने मागितलेली किंमत, वेगवेगळी ठेवली. ज्यांच्या कागदावर मागणी जास्त, त्यांनी घराचं मोलही जास्त लावलं. वर बहुतेकांनी सांगितलं, आम्ही मागणीकडे बघून काही ठरवलं नाही! ज्यांचं पोट या धंद्यावर, त्यांचं हे असं होतं.

म्हणून बोलणीला जाण्याआधी तुम्ही दोघं दोन आकडे लिहून काढा. आसपासची तशीच घरं खरोखर कितीला गेली ते नोंदणी झालेल्या व्यवहारांवरून बघा. जाहिरातीतले भाव धरू नका, ती नुसती मागणी असते. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा केला की सुरुवातीचा आकडा मिळेल. दुसरा आकडा, ज्याच्या पुढे काही झालं तरी जायचं नाही तो. हा दलालाला अजिबात कळू द्यायचा नाही. सौदा झाला तरच त्याला दलाली मिळते, तुमचे पैसे वाचण्याशी त्याला काय करायचंय?

घर परत एकदा भर उजेडात बघा, जमलं तर मोठा पाऊस पडून गेल्यावर. आम्ही इथे घर बघताना एका खोलीत एकाच भिंतीला ताजा रंग होता. कपाट जरा सरकवून मागे हात लावला, तर भिंत गार, ओलसर, आणि बोटांना पोपडे चिकटले. आम्ही वाद घातला नाही. जाणकाराकडून दुरुस्तीचा अंदाज लिहून आणला आणि मालकापुढे ठेवला. किंमत त्या कागदामुळे उतरली. नुसतं ‘महाग आहे’ म्हटलं की समोरचा दुखावतो.

आकडा सांगून झाला की गप्प राहा. हे तुला जड जाईल, समोरचा बोलेनासा झाला की तूच घाईने वाढवून मोकळा होतोस.

मालक का विकतोय तेही काढून घे. त्याने स्वतः चढ्या भावात घेतलं असेल, तर तो सहज खाली येणार नाही. बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीत जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांना हेच आढळलं: तोट्याची वेळ आलेले मालक मागणी चढी ठेवायचे, आणि त्यांची घरं विकायला वेळही जास्त लागायचा. तसं असेल तर किमतीवर अडून न बसता ताबा कधी, कपाटं-पंखे राहणार का, उरलेली रक्कम कधी द्यायची, यावर बोल.

कर्जाची मंजुरी आधी हातात असू दे. आणि घर किती आवडलंय ते वहिनींनी मालकासमोर बोलू नये, एवढं माझ्या वतीने सांग. दोन्ही आकडे ठरले की मला कळव, रविवारी फोन करते.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी