वादळनिधीसाठी आवाहन : यंदा गणपतीच्या आधीच

ॲबर्डीन, ९ ऑगस्ट २०२६

सर्व सभासद आणि हितचिंतकांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

या दिवसांत मंडळाकडून पत्र येते ते गणपतीच्या वर्गणीचे. तेही येईलच. पण त्याआधी वादळनिधीसाठी, म्हणजे वादळात वीज गेलेल्या घरांना मदत पोचवण्यासाठी, हे पाठवणे भाग आहे, आणि कृपा करून हे ‘सवडीने वाचू’ म्हणून बाजूला ठेवू नका.

गेल्या वर्षी ४ ऑगस्टला, भर सोमवारी, मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असताना फ्लोरिस वादळ आले. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळच्या विक गावी ताशी ८२ मैलांचा वारा नोंदला गेला. ऑगस्टमध्ये! कुंड्या, टेबलखुर्च्या, मुलांची ट्रॅम्पोलिन सगळे अंगणात होते, आणि आपल्यापैकी अनेकांचे आईवडील भारतातून आलेले होते. त्यानंतर दोन महिने होतात न होतात तोच, ३ ऑक्टोबरला, एमी आले. टायरी बेटावर ताशी ९६ मैल. आपला दसरा-कोजागिरीचा मेळावा दुसऱ्याच दिवशी होता. शुक्रवारी दुपारी तो रद्द करावा लागला तेव्हा मसाला दुधासाठी आणलेले दूध आटवून तयार होते आणि निम्म्या स्वयंसेवकांच्या घरची वीज गेलेली होती. पूर्वी आपण वादळ म्हटले की नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी असा हिशेब धरत होतो. तो हिशेब आता चालत नाही, एवढेच या पत्रात सांगायचे आहे. बाकी सगळे त्यातूनच येते.

लवकर आलेले वादळ वाईट का, हे नव्याने आलेल्यांसाठी सांगते. डिसेंबरात झाडे उघडी असतात, वारा फांद्यांमधून निघून जातो. ऑगस्ट-सप्टेंबरात तेच झाड पानांनी भरलेले, म्हणजे उभे शीडच. तेवढ्याच वाऱ्यात ते मुळासकट आडवे होते, आणि आपल्याकडे गावाबाहेरच्या विजेच्या तारा खांबांवरून झाडांशेजारून जातात. झाड पडले की तार गेली, रस्ता गेला. मग दुरुस्तीवाले पोचणार कसे? शिवाय शरद ऋतूत अटलांटिकवरच्या चक्रीवादळांचे उरलेसुरले जोरही इकडे वळतात. हवामान खाते वादळांना नावे देते, त्या नावांची नवी यादी, म्हणजे वादळांचा नवा हंगाम, १ सप्टेंबरला सुरू होते. यंदा अधिक महिना झाल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. म्हणजे या वेळी बाप्पा वादळांच्या हंगामातच येणार आहेत, आणि दहा दिवस हॉलमध्ये आपली माणसे, म्हातारी, लहान, सगळी असणार आहेत.

ज्यांनी २०२१ चे आर्वेन वादळ पाहिले त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. पण निम्मी सभासद कुटुंबे त्यानंतर आलेली आहेत, म्हणून लिहिते. आणि त्या दिवसांत ज्यांनी केले त्यांचे ऋण मंडळाच्या कागदावर एकदा नीट नोंदले जावे, ही माझी जुनी इच्छा आहे.

२६ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. हवामान खात्याचा लाल, म्हणजे सर्वांत वरचा, इशारा होता. वारा उत्तरेकडून आला आणि घात तिथेच झाला, कारण इथली झाडे नैर्ऋत्येच्या वाऱ्याला सरावलेली, त्यांची मुळे त्या बाजूने घट्ट. उलट्या बाजूने धक्का बसल्यावर रांगाच्या रांगा झोपल्या. देशभर दहा लाखांहून अधिक घरांची वीज गेली, आणि आपल्या ॲबर्डीनशरमधल्या काही घरांत ती आठवडाभर आली नाही. शेवटी लष्कराचे जवान दारोदार जाऊन माणसांची विचारपूस करत होते.

आपले एक कुटुंब अल्फर्डच्या पलीकडे राहत होते. नवरा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर, घरात बाळंतीण, अडीच आठवड्यांचे बाळ आणि साताऱ्याहून आलेली तिची आई. गॅसचा बॉयलर होता, पण बॉयलरलाही वीज लागते हे त्या रात्री कळले. पाणी विहिरीचे, पंपावर चालणारे, म्हणजे नळही कोरडा. दुसऱ्या दिवशी मोबाइलचे मनोरेही गप्प झाले. मंडळाला पत्ता लागला तो रविवारी सकाळी, तोही केवळ आपल्या त्या वेळच्या खजिनदारांना आठवले म्हणून की “ती पोरगी फोन उचलत नाहीये”. इन्व्हरुरीच्या काकूंकडे जुनी, काडी ओढून पेटणारी गॅसची शेगडी होती. त्यांनी पहाटे पाचला उठून कुकरमागून कुकर मुगाची खिचडी लावली, पातेल्यात पाणी उकळून सहा थर्मास आणि रबरी पिशव्या भरल्या, आणि सगळे दोन सोलापुरी चादरींत गुंडाळून गाडीत ठेवले. चार ठिकाणी रस्त्यावर झाडे होती. शेवटचे झाड तिथल्याच एका शेतकऱ्याने करवतीने कापून ट्रॅक्टरने ओढून बाजूला केले. कोण, कुठले, काहीही विचारले नाही. “बाळ आहे” एवढे सांगितल्यावर तो ट्रॅक्टर घेऊन पुढे निघाला आणि आपली गाडी त्याच्या मागे. घरात गेल्यावर दिसले ते असे : आजी पलंगावर भिंतीला टेकून बसलेली, अंगावर घरातले सगळे कोट, आणि बाळ तिच्या स्वेटरच्या आत, पोटाशी. फक्त टोपडे बाहेर. आजी म्हणाल्या, “दोन दिवस हिला खाली ठेवलेली नाही.”

ती मुलगी आता पाच वर्षांची होईल. गेल्या गणपतीत तिने अथर्वशीर्षाच्या पहिल्या चार ओळी म्हटल्या.

त्या आठवड्यात मंडळाने एकोणीस घरी डबे पोचवले. निधी वगैरे काही नव्हता. पहिले शंभर पौंड दिले ते आपल्या संस्थापक अध्यक्षांनी, डॉक्टरकाकांनी. आज ते नाहीत. आठ कुटुंबांना आपल्या बैठकीच्या खोलीत बसवून त्यांनी हे मंडळ सुरू केले आणि पहिल्या गणपतीची मूर्ती सुटकेसमधून, साड्यांच्या घड्यांत, मांडीवर घेऊन आणली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण आर्वेनच्या वेळी ते ८१ वर्षांचे होते आणि रोज संध्याकाळी मला फोन करून “आज कोणाकडे जायचे राहिले?” असे विचारत, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पीटरहेडच्या ताईंनी दुकानातल्या मेणबत्त्या, बॅटऱ्या आणि दुधाची पावडर उचलून दिली आणि पैसे घ्यायला आजतागायत नकार दिला आहे. ऑफशोअरवरच्या आपल्या मुलांनी परत आल्या आल्या आपापसांत वर्गणी काढली. आणि विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने, ज्याची स्वतःची खोली गोठलेली होती, दहा पौंडांची नोट पाकिटात घालून आणून दिली. पाकिटावर ‘खिचडीसाठी’ असे लिहिले होते. ते पाकीट मी जपून ठेवले आहे.

त्यानंतर दोनच महिन्यांत, जानेवारी २०२२ च्या शेवटी, मलिक आणि कोरी ही दोन वादळे लागोपाठच्या दिवशी आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाबेटच्या पावसाने ब्रीखिनमध्ये साउथ एस्क नदी घरांत शिरली, तेव्हा आपल्या स्वयंसेवकांनी तिथल्या मदत केंद्रावर दोन दिवस चहा आणि पोहे पोचवले. मराठी-अमराठी असा भेद मंडळाने कधी केला नाही, आणि त्या ट्रॅक्टरवाल्यानंतर करणे शोभणारही नाही.

आता थोडे मनातले. गेल्या वर्षी फ्लोरिसनंतर याच वादळनिधीसाठी मी पत्र पाठवले होते. नव्वदच्या वर कुटुंबांना गेले. अकरा कुटुंबांनी होकार दिला. त्याच महिन्यात दिवाळीच्या गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटे दोन दिवसांत संपली. त्याचा मला आनंदच आहे, तो कार्यक्रम झालाच पाहिजे. पण त्या अकरा पत्रांकडे बघताना वाईट वाटले, हे लपवत नाही. “कौन्सिल आहे की”, “आमच्याकडे कधी वीज गेली नाही”, “शहरात काही होत नाही” ही उत्तरेही आली. शहरात काही होत नाही असे नाही, फक्त लवकर निस्तरते. आणि मंडळ तुमच्या घरासाठी मागत नाही. ते त्या घरासाठी मागते जिथे पंपावर पाणी आहे, जिथे ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालते, जिथे सहा महिन्यांसाठी आलेली आई दिवसभर एकटी असते आणि फोनवरचे इथल्या उच्चारातले इंग्रजी तिला कळत नाही. ते घर पुढच्या वर्षी तुमचेही असू शकते. त्यातही आता घरोघरीचे जुने लँडलाइन फोन इंटरनेटवर जात आहेत, जानेवारी २०२७ पर्यंत जुने जाळे बंद होणार आहे. पूर्वी वीज गेली तरी भिंतीवरचा फोन चालायचा. आता वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की फोन बंद.

ज्या अकरांनी दिले त्यांच्या पैशातून एक बॅटरी संच घेतला. एमीच्या रात्री तो बँकोरीच्या आजोबांच्या श्वासाच्या यंत्राला लावला आणि त्यांची रात्र निभावली. त्याच रात्री दुसऱ्या घरूनही फोन आला होता. त्यांना “नाही” म्हणावे लागले. सुदैवाने त्यांची वीज पहाटे आली. तो फोन मी घेतला होता, आणि तसा फोन मला पुन्हा घ्यायचा नाही.

यंदा हवे आहे ते असे. आणखी तीन बॅटरी संच, हॉलसाठी एक कमी आवाजाचा जनरेटर, चार गॅसच्या शेगड्या व नळकांडी, बॅटरीवर चालणारे सहा रेडिओ, ब्लँकेट, थर्मास, विषारी वायूची सूचना देणारे अलार्म. सगळे मिळून ३,८०० पौंडांच्या घरात जाते, पैकी ६४० पौंड शिल्लक आहेत. पैसे नेहमीच्याच मंडळाच्या खात्यात, संदर्भात ‘वादळ’ असा शब्द आणि आडनाव. खाते क्रमांक सभासद-पत्रकाच्या मागच्या पानावर आहे, बदललेला नाही. इथे आयकर भरणाऱ्यांनी गिफ्ट एडचा अर्ज जरूर भरावा, म्हणजे तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून मंडळाला २५ पेन्स मिळतात आणि तुम्हाला वेगळे काही पडत नाही. एकदा भरला असेल तर पुन्हा नको. शेवटची तारीख सोमवार ३१ ऑगस्ट, कारण सामान १ सप्टेंबरला मागवायचे आहे. स्वयंसेवकांची बैठक रविवार २३ ऑगस्ट, सकाळी ११, नेहमीच्या हॉलमध्ये. उंच चाकांची गाडी असलेले, शेगडी चालवू शकणारे, आणि एक खोली रात्रीपुरती उघडू शकणारे यांनी नाव आधी कळवावे. पैसे शक्य नसतील तर वेळ द्या, तोही तितकाच लागतो.

एक काम मात्र सर्वांनी, पैसे द्या अथवा नको, या आठवड्यात करायचे आहे. घरात म्हातारे, तान्हे बाळ किंवा विजेवर चालणारे वैद्यकीय यंत्र असेल तर वीजजाळ्याच्या कंपनीच्या प्राधान्य नोंदवहीत, म्हणजे वीज गेल्यावर ज्यांच्याकडे आधी लक्ष द्यायचे त्यांच्या यादीत, नाव घाला. फुकट आहे, दहा मिनिटे लागतात. आणि आपल्याच यादीतही कळवा, म्हणजे आम्हाला आठवणीवर अवलंबून राहावे लागणार नाही. वीज गेली की १०५ हा क्रमांक, देशभर एकच आणि मोफत. बैठकीत फ्रिजवर चिकटवायचा मराठी कागद मिळेल, मोठ्या अक्षरांत : १०५, शेजाऱ्यांचा फोन, मंडळाचा फोन, आणि ‘बार्बेक्यू किंवा जनरेटर घरात लावू नये, त्याच्या विषारी वायूला वास नसतो’ ही सूचना. आईवडील आलेले असतील तर त्यांना तो एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

हे पत्र दोन रात्रींत लिहिले आहे. काही नाव, काही उपकार राहून गेला असेल तर राग मानू नये, बैठकीत भेटल्यावर कान धरावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सचिव, कार्यकारी मंडळाच्या वतीने

ता. क. गेल्या दिवाळीनंतर मंडळाचे दोन मोठे स्टीलचे थर्मास कोणाच्या तरी गाडीत राहिले आहेत. इन्व्हरुरीच्या काकूंनी आर्वेनच्या वेळी भरले होते तेच. २३ तारखेला येताना घेऊन यावेत, ते पहिल्या पेटीत ठेवायचे आहेत.