कोळशाच्या समुद्रमार्गात माणसांचा खर्चही धरा

मा. संपादक,
स. न.

ओडिशातल्या तालचेरचा कोळसा रेल्वेने पारादीपला न्यायचा आणि तिथून जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर आणायचा, यासाठी २०२३ च्या सुरुवातीला केंद्राने महाराष्ट्रासह काही राज्यांना आग्रह केला होता. माझा या मार्गाला विरोध नाही. तमिळनाडूची वीज केंद्रे कित्येक वर्षे असाच कोळसा घेतात, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांसाठी प्रवासी गाड्या रद्द झालेल्या आपण पाहिल्या आहेत. पण चर्चा होते ती टनामागे किती रुपये पडतात एवढीच.

मी अशा जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होतो. एका मालगाडीत ५८-५९ वाघिणी, म्हणजे साधारण पावणेचार हजार टन. सत्तर हजार टनांचे जहाज भरायला अशा अठरा-एकोणीस गाड्या लागतात. बंदरात टिपलर नावाचे यंत्र एकेक वाघीण घट्ट धरून धान्याचे माप पालथे करावे तशी उलटवतो. खालच्या हॉपरमधून, म्हणजे मोठ्या नरसाळ्यातून, कोळसा सरकत्या पट्ट्यावर, पट्ट्यावरून यार्डातल्या ढिगावर, ढिगावरून पुन्हा पट्ट्यावर आणि शेवटी लोडरच्या सोंडेतून होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल भरायच्या कोठारात. जितक्या वेळा तो पडतो तितक्या वेळा धूळ उठते. लोडिंग चालू असताना आमच्या झाकलेल्या भातातही काळे कण सापडत.

आम्ही दोन दिवसांनी समुद्रात निघून जायचो. पट्ट्याखाली सांडलेला कोळसा फावड्याने परत वर टाकणारी कंत्राटी माणसे मात्र तिथेच असत, तोंडाला ओला पंचा बांधून. पावसाळ्यात ओला कोळसा हॉपरमध्ये चिकटला की पहारी घेऊन तो मोकळा करायलाही तीच. पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात, बंद करून ठेवलेल्या होल्डमध्ये हवा न तपासताच एका पोराला उतरायला सांगितले होते. कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो, माणूस शिडीवरच कोसळतो. मी त्याला दंडाला धरून मागे ओढले. तो माझ्यावर चिडला, रोजंदारी बुडेल म्हणून. त्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

हाच कोळसा आपल्या किनाऱ्यावर ग्रॅबने उचलून पुन्हा पट्ट्यावर आणि वाघिणीत जाणार. गोव्यातल्या मुरगाव बंदरात आयात कोळसा उतरतो, त्याच्या धुळीबद्दल वास्कोचे रहिवासी वर्षानुवर्षे ओरडत आहेत. कोकणात तसे होऊ नये म्हणून झाकलेले पट्टे, ढिगांवर पाण्याचे फवारे, होल्डमध्ये उतरण्याआधी हवेची तपासणी आणि कंत्राटी कामगारांची दर वर्षी छातीची तपासणी, एवढे तरी वाहतुकीच्या करारातच लिहावे आणि त्याचा खर्च टनामागच्या दरात धरावा. पहिले जहाज धक्क्याला लागण्याआधी तो करार जवळच्या ग्रामपंचायतींना वाचायला मिळावा, ही शासनाला विनंती.

– एक निवृत्त सारंग, ता. गुहागर