जीटी३ घ्यावी की डाकार?

फोंडा, गोवा
१० मे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. पोर्शे ९११ घ्यायची हे नक्की, प्रश्न एवढाच उरलाय की ट्रॅकच्या वळणाची जीटी३ घ्यावी की खडबडीत रस्त्यांसाठी उंच केलेली, २५०० गाड्यांच्या मर्यादित आवृत्तीतली डाकार. दोन्ही वापरलेल्या, दोन्ही गोव्याबाहेर नोंदलेल्या. आधी माझं मत सांगतो, मग कारणं. म्हापशात राहून बाराही महिने चालवायची असेल तर डाकार घे. पण थोड्याच निघाल्या म्हणून घेऊ नकोस. तिच्यात जे वेगळं आहे ते आपल्या रस्त्यांवर रोज उपयोगी पडतं, म्हणून घे.

मर्यादित आवृत्त्या दोन जातींच्या. एका जातीत कंपनी रंग बदलते, शिवणीचा दोरा बदलते, डॅशबोर्डवर क्रमांकाची पट्टी लावते आणि खाली गाडी तीच ठेवते. अशा गाडीला एक रुपयाही जास्त देऊ नये. दुसऱ्या जातीत यंत्रच बदलतं. उदाहरणार्थ ९११ एस/टी. ९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली ते साल १९६३, म्हणून गाड्याही १९६३च. ट्रॅकवरच्या जीटी३ आरएसच्या कुळातलं ५२५ पीएसचं (अश्वशक्तीचं) इंजिन, फक्त हाताचा गिअर आणि वजन १३८० किलो. तिथे आकडा नुसता मिरवायला नाही. डाकारही याच जातीची. १९८४ साली रने मेत्झने ९११ घेऊन पॅरिस-डाकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली, त्या आठवणीवर ही गाडी बेतलेली आहे. चारही चाकांना जोर, तीन लिटरचं दोन टर्बोंचं इंजिन, ४८० पीएस, ५७० न्यूटन मीटर टॉर्क, आठ गिअरचा पीडीके, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा. बॉनेट कार्बनचं, दोन्ही बाजूंना आणि पुढेमागे स्टेनलेस स्टीलचे पत्रे.

समोर जीटी३. चार लिटर, टर्बो नाही, ५१० पीएस आणि इंजिनाची लाल रेघ मिनिटाला ९००० फेऱ्यांवर. त्या इंजिनाच्या तोडीचं आज फार थोड्या गाड्यांत मिळतं, हे मी मनापासून मान्य करतो. पण पीडीकेची जीटी३ शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत जाते, आणि डाकारही ३.४ सेकंदांतच. फरक पडतो तो वरच्या टोकाला. जीटी३ ताशी ३१८ किलोमीटरपर्यंत पळते, डाकारला टायरमुळे २४० वर बांधलेलं आहे. पत्रादेवी ते पोळें या हमरस्त्यावर तो वरचा ताशी ७८ किलोमीटरचा भाग तुला कुठे उघडता येणार? जीटी३ दुसऱ्या गिअरमध्येच शंभर ओलांडते. तिला खरा वाव द्यायचा तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नाही तर कोईमतूरच्या ट्रॅकवर फ्लॅटबेडने, म्हणजे सपाट ट्रकवर चढवून, न्यावी लागेल. वर्षातून तीनचार वेळा ते करणार असशील तर हे पत्र इथेच बाजूला ठेव आणि जीटी३ घे.

आता उंची. गोव्यात गाडीची निवड इंजिनावरून नाही, गतिरोधकांवरून करावी लागते. डाकारचं पोटाखालचं अंतर १६१ मिमी. स्पोर्ट सस्पेन्शनच्या कॅरेरापेक्षा, म्हणजे साध्या ९११ पेक्षा, ते ५० मिमी जास्त, म्हणजे कॅरेरा १११ च्या आसपास, आणि जीटी३ तिच्याहूनही खाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १०० मिमी उंच असतो, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ९११ च्या दोन आसांमधलं अंतर २४५० मिमी. म्हणजे गाडी मधोमध असताना पुढची-मागची दोन्ही चाकं त्या उंचवट्यावरच असतात आणि पोटाखाली फुगवटा येतो फक्त ४४ मिमीचा. अशा गतिरोधकावरून जीटी३ सुद्धा न घासता जाते. त्रास देतात ते वाड्यावाड्यांवर डांबर ओतून केलेले, जेमतेम मीटरभर रुंदीचे. तिथे चारही चाकं सपाटीवर उतरलेली असतात आणि सगळी उंची थेट पोटाखाली येते. १२० मिमीचा असा एक जरी वाटेत असला तरी जीटी३ ला तो रस्ता बंद.

जीटी३ ला पुढचा आस उचलण्याची सोय असते, पण ती जादा पैसे देऊन घेतलेली असेल तरच, म्हणून आधी ती आहे का बघ. आणि ती फक्त नाक वर करते. गाडीच्या मध्यावर उचल निम्मीच मिळते. उतरणीच्या तोंडाशी ती कामाला येते, अरुंद गतिरोधकावर फारशी नाही. डाकार मात्र पुढून-मागून दोन्हीकडे आणखी ३० मिमी वर येते आणि तशीच १७० च्या वेगापर्यंत चालवता येते.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, मोजून बघ. ॲल्युमिनियमची चौकोनी, न वाकणारी साडेतीन मीटरची नळी घे. खाली दोन लाकडी ठोकळे बांध, दोघांमध्ये २४५० मिमी अंतर आणि एका ठोकळ्यापुढे नळी मीटरभर मोकळी. ते गाडीचं नाक. ठोकळे आधी १०० मिमीचे लाव, ते जीटी३ साठी. मग १६० चे, डाकारसाठी. घराच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकावरून आणि आंगणाच्या चिऱ्याच्या उतरणीवरून ही नळी सरकव. जिथे नळी टेकली तिथे गाडी टेकणार. मधोमध टेकली तर गाडीचं पोट, मोकळ्या टोकाला टेकली तर पुढचं लिप, म्हणजे बंपरखालची पट्टी. लिप प्लास्टिकचं असतं आणि बदलता येतं, पोटाखालचे पत्रे आणि त्यांचे क्लिप सुटले की पावसात चिखल आत भरतो. दोन माणसं आणि एक सकाळ एवढं पुरतं. ही नळी फिरवल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नकोस, ही माझी विनंती समज.

पाऊस. जीटी३ ला मागे ३१५ रुंदीचे २१ इंची टायर येतात, बहुतेक वेळा ट्रॅकसाठीचे, खाचा उथळ. इतका रुंद आणि उथळ खाचेचा टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. जूनमध्ये जुवारी पुलावर आडवा पाऊस लागला की तिथे ७० सुद्धा जास्त होतात. डाकारचे टायर पुढे २४५/४५ आर१९, मागे २९५/४० आर२०, खाच ९ मिमी खोल आणि बाजूची भिंत जाड. ती तांबड्या चिखलातून, खडीतून बिनधास्त जाते. त्याची किंमतही आहे. कोरड्या डांबरावर ब्रेकचं अंतर वाढतं, वळणात स्टिअरिंग किंचित उशिरा लागतं आणि टायरचा आवाज आत येतो. चोर्ला घाटात जीटी३ चालवून लगेच डाकारमध्ये बसलास तर फरक पहिल्याच वळणावर कळेल. आणि डाकार उंच आहे म्हणून साचलेल्या पाण्यात घालायची नाही. तिला नदी ओलांडायला बनवलेलं नाही.

डाकारचे टायर कुठल्याही दुकानात पडलेले नसतात. घेण्याआधी चारही टायरच्या भिंतीवरचे तारखेचे शेवटचे चार आकडे वाच, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षांपलीकडचे असतील तर नव्या संचाची किंमत सौद्यातून वजा कर आणि संच मागवूनच गाडी घरी आण.

चाकं काढण्यातही मोठा फरक आहे. डाकारला नेहमीचे पाच बोल्ट आहेत, १६० न्यूटन मीटरला आवळायचे. कुठलाही चांगला टायरवाला ते करील. जीटी३ ला मध्ये एकच मोठं नट असतं, सुमारे ६०० न्यूटन मीटरचं. त्याचं सॉकेट वेगळं, टॉर्क पाना मीटरभर लांब, आणि ब्रेक दाबून धरायला दुसरा माणूस लागतो. काणकोणच्या वाटेवर पंक्चर झालं तर गावातला पंक्चरवाला ते उघडू शकत नाही, त्याने हातोड्याने प्रयत्न करू नये. जादा चाक दोन्ही गाड्यांत नाही. भोक भरायचं द्रावण आणि पंप असतो, पण टायरची भिंत फाटली तर फ्लॅटबेडच.

जीटी३ चे कॅलिपर (ब्रेकची चकती दाबणारे चिमटे) पिवळे असतील तर ब्रेक सिरॅमिकचे. ते आपल्या खाऱ्या हवेत गंजत नाहीत, ही मोठी सोय. पण चाक काढता-घालताना कडेला टवका गेला की चकती बाद, आणि किंमत डोळे पांढरे करील. त्यांची झीज नुसती जाडी मोजून कळत नाही, कार्यशाळेत खास यंत्राने मोजतात. तो अहवाल माग. लोखंडी चकत्या पावसाळ्यात रात्रीत तांबूस होतात, दोन-तीनदा हलके ब्रेक लावले की साफ होतात. त्याला गंज समजून घाबरू नकोस.

हाताच्या गिअरची जीटी३ बघत असशील तर अधिकृत कार्यशाळेतून इंजिनाच्या संगणकाचा जास्त फेऱ्यांचा अहवाल काढून घे. तो सहा टप्प्यांत येतो. खालच्या टप्प्यांतले आकडे चालवण्यात येतातच. चौथ्या टप्प्यापासून पुढे काही नोंद असेल तर कुणीतरी पाचव्याऐवजी तिसरा टाकून इंजिन ओढून घेतलेलं असतं. ती घटना किती तासांपूर्वीची तेही त्यात दिसतं. पीडीकेमध्ये असा चुकीचा गिअर पडूच शकत नाही.

मर्यादित आवृत्तीत कागद यंत्राइतकेच महत्त्वाचे. क्रमांकाची पट्टी हा पुरावा नव्हे. पुरावा चेसिस नंबर. तो काचेखालचा, कागदावरचा आणि आयातीच्या बिल ऑफ एंट्रीवरचा एकच असला पाहिजे. तो नंबर देऊन कारखान्यातून निघतानाची जोडण्यांची यादी मागव आणि गाडीशी एकेक ताडून बघ. कार्नेटवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, आलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नकोस, ती परत जायच्या अटीवर आलेली असते. बाहेरच्या राज्यातली असल्याने फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला), २९ आणि ३० हस्तांतरणासाठी, २७ नव्या जीए क्रमांकासाठी, आणि वर गोव्याचा रस्ता कर. तो धरूनच किमतीची तुलना कर.

विम्यात मर्यादित आवृत्ती फसवते. विम्याची किंमत ठरलेल्या कोष्टकाने उतरते: दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५०. बाजारात डाकारची किंमत टिकून असली तरी गाडी पूर्ण गेली तर हातात कोष्टकातलेच पैसे येतात. म्हणून विमा कंपनीशी किमतीबद्दल बोलून ते लेखी घे. प्लास्टिक, रबर, टायर यांवर भरपाईत ५० टक्के घट धरतात, फायबरग्लासवर ३०. म्हणून शून्य घसारा आणि इंजिन संरक्षण ही दोन कलमं हवीतच. कार्बनच्या बॉनेटची गणना कशात होते ते आधीच विचार. आणि गाडी माडाखाली उभी करू नकोस. नारळाने फुटलेलं ते बॉनेट बदलायला महिने जातील.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर सगळ्यात आधी सीट. दोन्ही गाड्यांत रेसटेक्स हे मऊ कापड आहे, त्यावर आपल्याकडे आठ दिवसांत बुरशी धरते. गॅरेजमध्ये आर्द्रता मोजायचा काटा लाव आणि ओल शोषायचं यंत्र लावून ती ६० टक्क्यांच्या आत ठेव. बॅटरीला कायम जोडायचा चार्जर लाव, वीज जाऊन आली की आपोआप सुरू होणारा. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून मागचं झाकण आठवड्यातून एकदा उघडून बघ. पंधरा दिवसांनी अर्धा तास चालव. जागेवरच इंजिन सुरू करून बंद करणं वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. तेल ८० अंशांवर गेल्याशिवाय ४००० फेऱ्यांच्या वर जाऊ नकोस. पेट्रोल भरण्याआधी टाकीच्या झाकणामागचं चिन्ह वाच, इथेनॉल किती चालतं ते तिथे दिलेलं असतं. पंपावर आता सर्रास २० टक्के मिश्रण मिळतं, आणि तसं पेट्रोल चार महिने टाकीत राहिलं की हवेतली ओल ओढतं. १०० ऑक्टेनचं मिळालं तर त्यात इथेनॉल किती ते विचारून तेच भर.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. डाकार घेऊन तू किलोमीटर मोजत बसशील. प्रत्येक फेरीला किंमत किती उतरली याचा हिशोब सुरू झाला की ती गॅरेजमध्येच राहील, आणि १६१ मिमीचा, ९ मिमी खाचेचा काही उपयोग उरणार नाही. तसं होणार असं आत्ताच वाटत असेल तर कमी किलोमीटरची नको, वीसेक हजार चाललेली, सर्व्हिसची नोंद पुरी असलेली डाकार शोध. तिच्यावर पहिला ओरखडा आधीच पडलेला असेल.

नळी आणि ठोकळ्यांचं माप घेतलंस की मला आकडे लिहून पाठव, विशेषतः घराच्या फाटकापाशी कुठे टेकते ते. चवथीच्या आत गाडी आणायची असेल तर एनओसीला लागणारे दिवस धरून या महिन्यातच मोजून घे.

काकींना नमस्कार सांग.

तुझा,
दत्ता