थंडीतला हायड्रोलिकचा आवाज दुपारी तपासता येत नाही

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
ट्रॅक्टर विभाग

विषय : वॉरंटीत असलेल्या ट्रॅक्टरच्या हायड्रोलिक पंपाचा आवाज आणि तेलाच्या ग्रेडबाबत

महोदय,

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आपल्या कंपनीचा बागेत चालणारा अरुंद ट्रॅक्टर माझ्याकडे आहे आणि तो अजून वॉरंटीत आहे. दिवाळीनंतर आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्याचं ट्रान्समिशन-हायड्रोलिकचं तेल बदललं. थंडी वाढली तशी पहाटे पंपाची घरघर सुरू झाली. लिफ्टचा लिव्हर ओढला की तीच घरघर किंचाळल्यासारखी होते, मागे जोडलेला फवारणीचा ब्लोअर झटके खात वर येतो आणि मध्येच थबकतो. अर्धा-पाऊण तास ट्रॅक्टर चालला की आवाज आपोआप बंद. मागच्या हिवाळ्यात, कारखान्यातून भरून आलेल्या तेलावर, यातलं काहीच नव्हतं.

तक्रार नोंदवली, मेकॅनिक आला. पण कधी? दुपारी, उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपाशी. लिफ्ट दोनदा वर-खाली केली आणि जॉब कार्डवर लिहिलं, ‘आवाज आढळला नाही’. कसा आढळेल? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात असते. त्या पहाटेचं तेल आणि दुपारचं तेल एक नसतं. पुन्हा तक्रार केली, पुन्हा दुपारीच माणूस आला.

आपल्या माणसांचं म्हणणं, पंप झिजला असेल, वाट बघू. मला ते पटत नाही. पंप झिजला असता तर उलट झालं असतं : थंड, घट्ट तेलावर लिफ्ट बरी चालली असती आणि तेल तापून पातळ झाल्यावर ढिली पडली असती. सक्शनच्या, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूने हवा ओढली जात असेल म्हणावं, तर डिपस्टिकवर फेस नाही. पाणी शिरलं असतं तर तेल दुधाळ झालं असतं, तेही नाही. उरतं ते एवढंच. तेल या थंडीला घट्ट पडतंय किंवा सक्शनची जाळी तुंबलीय. बहुधा दोन्ही मिळून. जाळीतून काकवी ओढावी तसं पंपाला ते तेल ओढावं लागतं. पुरेसं येत नाही म्हणून आत पोकळी होते, तेलात बुडबुडे तयार होतात आणि दाबाच्या बाजूला गेले की फुटतात. आवाज त्यांचाच. रोज पहाटे हेच चाललं तर आतल्या धातूला खड्डे पडतात. म्हणजे आज पंप चांगला असला तरी तो खराब व्हायची वाट आपण बघायची, आणि तोवर वॉरंटी संपायची.

आता तेलाचं. बिलावर फक्त ‘हायड्रोलिक ऑइल’ लिहिलंय, ग्रेड नाही. सेंटरवर विचारलं तर ‘कंपनीचंच आहे’. मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलसाठी तापमानाप्रमाणे तक्ता दिलाय, ट्रान्समिशनच्या तेलापुढे मात्र ‘कंपनीने शिफारस केलेले’ एवढंच. व्हीजी 68 ग्रेड म्हणजे 40 अंशांना 68 सेंटीस्टोक इतका घट्टपणा, हे मला कळतं. पाच अंशांना तेच तेल कित्येक पट घट्ट होतं. इथे 10डब्ल्यू-30 सारखं, थंडीत कमी घट्ट होणारं मल्टिग्रेड तेल चालेल की नाही, हे तुम्हीच सांगायला हवं. फोनवर तुमच्या प्रतिनिधीने सुचवलं, ‘दोन लिटर पातळ तेल मिसळून बघा’. कोणतं? या ट्रॅक्टरात गिअर, हायड्रोलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक या सगळ्यांना एकच तेल आहे. साधं पातळ हायड्रोलिक तेल ओतलं तर लिफ्ट शांत होईल, पण ब्रेक कर्कश वाजू लागतील आणि गिअरही झिजतील. वर वॉरंटी नाकारायला तुम्हाला कारण मिळेल. (गावातला मिस्त्री तर रॉकेल टाका म्हणाला होता. तो निदान त्याचे पैसे तरी घेत नाही.)

ही कामाची वेळ आहे. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची छाटणी) मणी फुगायच्या अवस्थेत बाग आहे, दव पडलं की डावणी या बुरशीजन्य रोगाची भीती, आणि फवारणी वारा सुटायच्या आत पहाटेच उरकावी लागते. ट्रॅक्टर गरम होईपर्यंत थांबायचं तर तीच वेळ हातची जाते.

म्हणून माझी मागणी अशी. मेकॅनिक सूर्योदयापूर्वी पाठवा, ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना, आणि सोबत प्रेशर गेज द्या. सक्शनची जाळी माझ्यासमोर काढून दाखवा. भरलेल्या तेलाचा ग्रेड आणि या थंडीला योग्य ग्रेड, दोन्ही लेखी कळवा. वेगळं लागत असेल तर तेल आणि फिल्टर कंपनीच्या खर्चाने बदला. पंपाची वॉरंटी या तक्रारीच्या पहिल्या नोंदीपासून धरून वाढवा. आणि मराठी मॅन्युअलमध्ये ट्रान्समिशन तेलाचाही तापमानाप्रमाणे तक्ता छापा. निफाडला थंडी पडते हे काही गुपित नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक, निफाड तालुका, जि. नाशिक

सोबत : तेलबदलाचं बिल, दोन्ही जॉब कार्डच्या प्रती, पहाटेचा आणि तेल तापल्यावरचा व्हिडिओ