पिंट्याला पाठवायचं की नाही

मेलबर्न, ऑगस्ट

ती. दादा आणि वहिनी,
सा. न.

रविवारी फोनवर आपण दोघं एकदमच बोलत राहिलो, मध्येच वहिनींनी फोन घेतला, मग नेट गेलं आणि पिंट्याचा विषय तसाच लोंबकळत राहिला. म्हणून सवडीने लिहितेय. पुण्याच्या अकादमीने त्याला निवडलं ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण वहिनी म्हणतात तेही खोटं नाही. अकरावीतलं पोर कबड्डीसाठी घराबाहेर काढायचं, आणि उद्या गुडघा गेला तर? दादा, तू म्हणतोस प्रो कबड्डीत आता पैसा आहे. आहे ना. पण तो किती पोरांच्या वाट्याला येतो हे इस्लामपुरात बसून तुला माझ्यापेक्षा जास्त दिसतं.

इथल्या एका खेळाडूची गोष्ट सांगते. जिम स्टाइन्स. गेला आता. पण आमच्या कन्येला दर शनिवारी फुटीच्या, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, मैदानावर घेऊन जाते ना, तिथे अजूनही आईबाप त्याचं नाव काढतात. (ही लहान मुलांची फुटी म्हणजे ‘ऑसकिक’. मध्यंतराला संत्र्याच्या फोडी वाटायचं काम आळीपाळीने आयांवर येतं. थंडीत बोटं बधिर होतात आणि पोरं सालीसकट चोखून अंगावर फेकतात. असो.)

आधी खेळ. एमसीजी तुला माहीत आहे, २०२२ साली कोहलीने पाकिस्तानच्या तोंडचा घास काढला ते मैदान. हिवाळाभर ते फुटीवाल्यांचं असतं. अठरा विरुद्ध अठरा, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हाताने फेकायचा नाही, एका तळव्यावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसा मारून द्यायचा. लाथेने उडवलेला चेंडू कुणी हवेतच झेलला की त्याला ‘मार्क’ मिळतो, म्हणजे शांतपणे मागे जाऊन मोकळी लाथ मारता येते. मैदान क्रिकेटचंच का, तर खेळ क्रिकेटवाल्यांनीच काढला. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात गडी सुस्तावतात, त्यांच्यासाठी फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्या वर्षी मेलबर्न क्लबने नियम कागदावर उतरवले. स्टाइन्स याच क्लबकडून खेळला.

तो मूळचा डब्लिनचा. १९६६ चा जन्म. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल खेळतात, गोल चेंडूने, आणि तिथे तो आजही हौशी खेळ आहे. ऑल-आयर्लंड फायनलला स्टेडियम भरतं, पण खेळणारा सोमवारी आपल्या नोकरीवर. तुमच्या वेळची कबड्डी आठव ना, मातीत खेळायचं आणि बँकेत नाहीतर रेल्वेत चिकटायची वाट बघायची. १९८४ साली डब्लिनच्या अठरा वर्षांखालच्या संघाने ऑल-आयर्लंड जिंकली, त्यात हा होता. त्याच सुमारास मेलबर्नचा कोच रॉन बरासी याच्या डोक्यात आलं, की हे आयरिश गडी उंच आहेत, धावतात, झेलतात, यांना आपला खेळ शिकवता येईल. क्लबने तिकडच्या पेपरात जाहिरात दिली. जो निवडला जाईल त्याला विमानाचं तिकीट, राहायची सोय, आणि वहिनी, हे तुमच्यासाठी, पुढच्या शिक्षणाचा खर्च. अठरा वर्षांचं पोर १९८४ च्या नोव्हेंबरात एकटं इथे आलं.

आणि आल्या आल्या काही हिरो झालं नाही. लंबगोल चेंडू जमिनीवर पडला की कुठे उसळेल याचा नेम नाही. लाथ मारायची म्हटलं तरी तो हातातून पायावर कसा सोडायचा इथपासून सुरुवात. आधी एकोणीस वर्षांखालच्या संघात, मग खालच्या लीगमध्ये प्राहरानकडे उसना दिला. मेलबर्नच्या पहिल्या संघात जागा मिळेपर्यंत १९८७ उजाडलं. दरम्यान तो शिक्षकाच्या पदवीचा अभ्यास करत होता.

आता ते १९८७. मेलबर्न क्लब १९६४ नंतर बाद फेरीतच पोचला नव्हता. त्या वर्षी पोचला, आणि सेमीफायनलसारखा सामना हॉथॉर्नशी, वेव्हर्ली पार्कवर. शेवटचे काही सेकंद उरलेत. मेलबर्न चार गुणांनी पुढे. हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला फ्री किक मिळाली, पण गोलपासून इतक्या लांब, की तिथून साधणं अवघड. स्टाइन्सला दिसलं की हॉथॉर्नचा एक गडी मोकळा आहे. त्याला गाठायला तो धावत सुटला, तो थेट बकनारा आणि त्याच्यासमोर उभा असलेला खेळाडू यांच्या मधूनच. कबड्डीत झटापट नसताना लॉबीत पाय पडला की बाद, तशीच ही रेष, दिसत नाही पण असते. पंचाने शिट्टी मारली, पंधरा मीटरचा दंड. बकनारा पुढे सरकला, साधारण चाळीस मीटरवर. तोवर सायरन वाजला. सायरन वाजला तरी ती लाथ मारू देतात. त्याने मारली, मधून गेली, सहा गुण. मेलबर्न दोन गुणांनी हरलं.

मी तेव्हा इथे नव्हते, पण ती क्लिप इथे इतक्यांदा दाखवतात की माझीच आठवण असल्यासारखी झालीय. मला त्यात सगळ्यात जास्त रॉबर्ट फ्लॉवरचं वाईट वाटतं. मेलबर्नचा जुना, लाडका गडी, हरणाऱ्या संघात २७२ सामने काढले, आणि हा त्याचा शेवटचा. ग्रँड फायनलच्या दारातून तो परत गेला, तेही पहिल्याच हंगामातल्या पोराच्या एका धावेमुळे. पुढच्या वर्षापासून लीगने तो दंड पंधराचा पन्नास मीटर केला.

एकवीस वर्षांचा, आईवडील पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आणि अख्खं शहर तुला त्या एका धावेने ओळखतंय. पिंट्या परवा तालुक्याच्या स्पर्धेत शेवटच्या चढाईला बाद झाला तर दोन दिवस जेवला नाही म्हणालात. म्हणून हे इतकं लांबण लावून सांगितलं.

स्टाइन्स पळून गेला नाही. दुसऱ्याच हंगामात संघ ग्रँड फायनलला पोचला, पुन्हा हॉथॉर्नच समोर, आणि ९६ गुणांनी मार खाल्ला. तो खेळत राहिला. त्याची जागा ‘रकमन’ची, म्हणजे पंच तेव्हा चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवायचे, तो उडी मारून आपल्या गड्यांकडे टोलवायचा. हे काम धिप्पाड लोकांचं. टोलवून झालं की ते धापा टाकत मागून यायचे. हा दोन मीटरला जेमतेम कमी, पण डब्लिनच्या सवयीने अखंड पळायचा, टोलवून झालं की पुढच्या मार्कला हाच हजर. १९९१ साली त्याला ब्राउनलो पदक मिळालं. हे पदक पंचांच्या मतांवर ठरतं. दर सामन्यानंतर ते तिघांना तीन, दोन, एक अशी मतं देतात, आणि हंगामात ज्याच्यावर बंदी आली तो बाद. स्टाइन्सला पंचवीस मतं पडली. परदेशात वाढून इथे खेळायला आलेल्या कुणालाही त्याआधी ते मिळालं नव्हतं.

आणि १९८७ ते १९९८ सलग २४४ सामने. एकही चुकवला नाही. आधीचा विक्रम रिचमंडच्या जॅक टायटसचा, २०२. हा आकडा इथे फार अभिमानाने सांगतात. मला मात्र त्यावर मान डोलवावीशी वाटत नाही. त्यातले काही सामने तो बरगड्या दुखावलेल्या असताना खेळला, आणि अखेर हाताचं हाड मोडलं तेव्हाच थांबला. आता डोक्याला मार बसून भोवळ आली, तर एएफएलचा, म्हणजे फुटीच्या मुख्य लीगचा, खेळाडू किमान बारा दिवस सामन्यात उतरू शकत नाही, कितीही हट्ट केला तरी. हे बरं झालं. पिंट्याच्या अकादमीत फिजिओ आहे का, पूर्णवेळ आहे का, हे आधी विचार. ‘आमची पोरं काटक आहेत’ असं उत्तर आलं तर बॅग भरू नका.

एकूण २६४ सामने खेळून तो १९९८ मध्ये निवृत्त झाला. पण वहिनी, तुम्ही ‘पुढे काय’ विचारलंत ना, त्याचं त्याने खेळता खेळताच बघून ठेवलं होतं. १९९४ साली पॉल करी या फिल्म दिग्दर्शकाबरोबर त्याने ‘रीच’ नावाची संस्था काढली, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी. भाषणबाजी नाही, पोरांना बसवायचं आणि त्यांनाच बोलतं करायचं. घरी काय चाललंय, शाळेत कोण छळतं, भीती कशाची वाटते. शिक्षकाचं शिक्षण असं कामी आलं. माझ्या ऑफिसातली एक जण शाळेत असताना रीचच्या कार्यक्रमाला गेली होती. तिला फुटीत काडीचा रस नाही, पण स्टाइन्स म्हटलं की ती सरसावून बसते. व्हिक्टोरिया राज्यातला ‘व्हिक्टोरियन ऑफ द इयर’ हा मान त्याला दोनदा मिळाला, तो गोलांसाठी नव्हे.

२००८ साली तो त्याच मेलबर्न क्लबचा अध्यक्ष झाला. क्लबवर सुमारे पन्नास लाख डॉलरचं कर्ज. वर्षभरात त्याला कॅन्सर निघाला, तो पुढे मेंदूपर्यंत गेला. ऑपरेशनं चालू, आणि हा सभासदांकडून पैसे गोळा करतोय. २०१० मध्ये कर्ज फिटलं. मैदानावर मात्र त्या काळात संघाची पार दैना होती. २०११ मध्ये जीलाँगकडून १८६ गुणांनी हरले आणि कोचला घरी पाठवावं लागलं. अध्यक्ष थोर असला म्हणून संघ जिंकत नसतो. २० मार्च २०१२ ला तो गेला, पंचेचाळीस वर्षांचा. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. मेलबर्नने कप जिंकला तो २०२१ मध्ये, १९६४ नंतर पहिल्यांदा, आणि तोही करोनामुळे पर्थमध्ये. आम्ही सगळे इथे लॉकडाऊनमध्ये. शेजारचे आजोबा अंगणात एकटेच लाल-निळा मफलर हवेत फिरवत उभे होते.

आता पिंट्याचं. इथेही अठराव्या वर्षी ड्राफ्टमधून, म्हणजे क्लब आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यातून, पोरं उचलतात, पहिला करार जेमतेम दोन-तीन वर्षांचा, आणि कितीतरी जणांचा पुढे वाढतच नाही. ती पोरं पेपरात येत नाहीत. स्टाइन्सची गोष्ट सांगितली म्हणून तो सगळ्यांचा नमुना समजू नका. पण मला विचाराल तर पाठवा. फक्त बारावीचं कॉलेज आणि परीक्षेचे दिवस अकादमीकडून लेखी घ्या, तोंडी नको. ‘बघू’ म्हणाले तर वहिनींचं ऐका. आणि दादा, तू स्वतः एकदा न सांगता जाऊन ये, मेसमध्ये जेव, पोरं कुठे झोपतात ते बघ. प्रशिक्षकापेक्षा दोन-तीन वर्षं तिथे काढलेल्या पोरांशी बोल. निवड न झालेली कुठे गेली, ते त्यांना बरोबर माहीत असतं.

पिंट्याला म्हणावं रोज फोन नको, पण रविवारी आत्याला करायचा. दिवाळीत येतेय, तेव्हा त्याच्या मॅटवरच्या बुटांचं माप कळवा, इंचात नको, जुन्या बुटाच्या आतल्या पट्टीवरचा नंबर पाठवा. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का? ते काही कळवलं नाहीत.

तुझी धाकटी